बारा मिनिटं पुढचा माणूस

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा शाईने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. खोटं कशाला सांगायचं? ती त्या वेळी एका माणसाला भविष्यात पाठवण्यात गर्क होती, आणि त्याचा डावा पाय काही केल्या यंत्राच्या दारात बसत नव्हता.

शाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बोटं, नखं, कधीकधी नाकाचा शेंडा, काहीतरी कायम काळं झालेलं असायचं, म्हणून आईने ठेवलेलं ते नाव. दर महिन्याला निघणारं ‘परवाचा पाहुणा’ नावाचं कॉमिक्स तिचं होतं, चित्रंही तिची आणि गोष्टही तिचीच. उंच भिंतीआड चाललेलं गुप्त संशोधन, एक विसराळू प्राध्यापक आणि काळात मागेपुढे नेणारं यंत्र. एरवी ती छापखान्यातल्या खोलीत बसून काम करायची. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र आईच्या घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानात, काचेच्या कपाटामागे टेबल मांडायची. तिथे उजेड चांगला आहे, असं ती सांगे. खरं म्हणजे बाबा गेल्यापासून आईला दोन दिवस तरी सोबत हवी होती, आणि ते दोघींपैकी कुणी बोलून दाखवत नव्हतं.

“काकू, हे घड्याळ पुढे जातंय,” काउंटरवरचा आवाज म्हणाला. “दिवसाला बारा मिनिटं.”

आईने डोळ्याला भिंग लावलं, घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि आत डोकावली. “स्प्रिंगचे वेढे चिकटलेत एकमेकांना. लोहचुंबकाजवळ नेलं होतं का?”

“असेल… ऑफिसात.”

“कसलं ऑफिस?”

“असंच. ऑफिस.”

आता मात्र शाईने मान वर केली. रस्त्याच्या टोकाला एक उंच भिंत होती आणि तिला पाटी नसलेलं फाटक होतं. त्या फाटकातून आत जाणारे सगळेजण, कुणीही विचारलं तरी, ‘ऑफिसात’ काम करत. भिंतीपलीकडे काय चालतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या न ठाऊक असण्यावरच शाईचं अख्खं कॉमिक्स उभं होतं. माणूस तरुण होता, किडकिडीत, चष्मेवाला. कान मोठे, आणि आत्ता बरेच लाल. तो कपाटाच्या काचेतून तिचं चित्र उलटं वाचत होता.

“त्याचा डावा पाय प्लास्टरमध्ये आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“गेल्या अंकात जिन्यावरून पडला होता ना तो. मग आज डावा पाय टाकेल कसा?” आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हणजे… हे तुम्ही काढता?”

शाईला चूक कबूल करायची सवय नव्हती. “मध्ये सहा महिने गेलेत.”

“कुणाचे? यंत्र तर त्याच दिवशी परत आलं होतं.”

शाईने चित्राकडे पुन्हा पाहिलं. पाय का बसत नव्हता ते आता कळलं. हाताला आठवत होतं ते डोक्याला आठवत नव्हतं. तिने खोडरबर उचललं आणि म्हणाली, “एवढं बारकाईने वाचता तर एक पत्र तरी लिहायचं.”

“लिहिली होती. तीन. पाठवली नाहीत.”

तोवर आईने घड्याळ छोट्या निळ्या डबीवर धरून, बटण दाबून त्यातलं चुंबकत्व उतरवलं होतं. मग नेहमीप्रमाणे तिने झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक तारीख कोरली. हाताखालून गेलेल्या प्रत्येक घड्याळात आई अशी तारीख कोरायची. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून, असं ती सांगे. घालणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

शुक्रवारी तो पुन्हा हजर. घड्याळ पुन्हा बारा मिनिटं पुढे.

“परत?” आई म्हणाली.

“विसरलो, काकू.”

पुढच्या मंगळवारी तेच. आईने भिंगातून घड्याळाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त पाहिलं, आणि तेव्हापासून घरात त्याचं नाव चुंबकराव पडलं. स्वतःच्या कामाबद्दल तो अवाक्षर काढत नसे. शाईने खोदून खोदून विचारलं, तरी त्याची गाडी ‘ऑफिसा’च्या पुढे सरकली नाही. मग ती विचारायची थांबली. दुसरं बोलायला खूप होतं.

“खरंच यंत्र मिळालं तर कुठे जाल?” तिने एकदा विचारलं.

“बारा मिनिटं मागे.”

“बस? अख्खा इतिहास पडलाय.”

“बारा मिनिटांपूर्वी मी या दारातून आत येत होतो.” तो घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. “आता निघायची वेळ झालीय… म्हणून.”

शाईच्या कुंचल्यातून एक टपोरा थेंब प्राध्यापकांच्या टकलावर पडला. तिने तो पुसला नाही. पुढे छापील अंकात प्राध्यापकांना टकलावर तीळ आला तो त्यामुळे.

“एवढे चुंबक आहेत तर दाराशी एक ट्रे ठेवावा की तुमच्या ऑफिसाने,” आई पलीकडून म्हणाली. “घड्याळं काढून ठेवायची आणि मग आत जायचं. साधी गोष्ट.”

चुंबकरावांना पाणी पिताना जोराचा ठसका लागला.

तो पाचव्यांदा येऊन गेला त्या मंगळवारी शाईने नवा भाग काढायला घेतला. नाव दिलं, ‘बारा मिनिटं पुढचा माणूस’. त्यात मोठ्या कानांचा एक चष्मेवाला सहायक होता. तो प्रयोगशाळेतून बाहेर पडला की त्याचं घड्याळ बारा मिनिटं पुढे गेलेलं असे, कारण तो खरोखरच बारा मिनिटं पुढे जाऊन आलेला असे. दाराशी घड्याळांसाठी ट्रे होता. यंत्र फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी चालत असे. तोंडाने जे बोलता येईना ते शाईने चौकटीचौकटीत मांडलं होतं. तो वाचेल, कान लाल होतील, आणि मग काहीतरी बोलेल, एवढाच तिचा हिशेब होता.

ऑफिसात काम आहे, पंधरा दिवस यायला जमणार नाही, असं तो सांगून गेला होता, आणि त्या पंधरा दिवसांत अंक छापून बाहेर पडला. पुढच्या मंगळवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही. दाराची घंटी वाजली की शाईचा जीव वर-खाली होई, आणि दारात भलतंच कुणीतरी असे. आवडलं नसेल त्याला, असं तिने स्वतःला चारपाचदा समजावलं आणि एकदाही तिला ते पटलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी दुकानात एक प्रौढ गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. एका हातात शाईचा अंक, दुसऱ्या हातात पारदर्शक पाकीट, आणि पाकिटात ते ओळखीचं घड्याळ. पाटी नसलेल्या फाटकाआडचे सुरक्षा अधिकारी होते ते.

“माझी मुलगी वाचते हे,” ते स्टुलावर बसत म्हणाले. “तिने मला वाचायला दिलं आणि माझी झोप उडाली. दाराशी ट्रे आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मी सांगितलं,” आई म्हणाली. “चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतेय मी, साहेब. चुंबकापासून घड्याळ लांब ठेवायचं हे माझ्याकडून शिका.”

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. माणूस वाईट नव्हता. “तेही असेल. आणि दिवस तर तुमचे साफ चुकलेत. या घड्याळवाल्याने गुपित फोडलं असतं तर दिवस बरोबर आले असते, हे मी वरिष्ठांना सांगून पाहिलं. पण ते विचारतात, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे हा पाच वेळा घड्याळ घालून आत का गेला? बाहेर कुणाला काही दाखवायचं होतं का? एकदा माणूस विसरतो, पाच वेळा? आणि तो पठ्ठ्या एकच धरून बसलाय. विसरलो म्हणे.”

“आणि याहून वेगळं काही नाहीच बोलला तर?” शाईने विचारलं.

“नोकरी जाईल. नुसती नोकरी नाही, बाई. असा शेरा बसला की पुन्हा कुठली प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही त्याला.”

शाईने त्यांच्या हातातल्या अंकाकडे पाहिलं. तिने त्याला न विचारता त्याचे कान काढले होते, त्याचं घड्याळ काढलं होतं, आणि वर तो खूश होईल म्हणून वाट पाहत बसली होती. त्या माणसाला कामाखेरीज दुसरं जग नव्हतं. ते तिने चार रंगांत छापून विकायला ठेवलं होतं.

“दिवस चुकलेत म्हणालात,” ती हळूच म्हणाली. “म्हणजे मंगळवार-शुक्रवारच चालतं, असं नाही?”

“ते मी सांगू शकत नाही.” मग आवाज खाली आणून, “पण नाही.”

“आई, ते झाकण उघड.”

आईने झाकण उघडलं आणि भिंग काढून तिच्या हातात दिलं. “तूच वाच. माझे डोळे थकलेत.” केसाएवढी स्प्रिंग सरळ करणाऱ्या बाईचे डोळे नेमके तेव्हा थकले होते.

भिंगाखाली पाच तारखा होत्या, एकीखाली एक. शाईने भिंतीवरच्या कॅलेंडरशी एकेक लावून पाहिली. मंगळवार. शुक्रवार. मंगळवार. शुक्रवार. मंगळवार. तिला वाटलं होतं, घड्याळ बिघडतं ते यंत्राचे दिवस. महिनोन् महिने काळप्रवास रंगवणाऱ्या मुलीला भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं नव्हतं.

“दुसऱ्या कुठल्या दिवशी आला असता तर त्याचीही तारीख असती,” आई म्हणाली. “माझ्या हातून सुटत नाही.”

“मग मंगळवार आणि शुक्रवारच का?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

दुकानातली सगळी घड्याळं टिकटिकत होती. शाईला आपले गाल तापलेले कळत होते.

“कारण… त्या दिवशी मी इथे असते,” ती म्हणाली. “तो घड्याळ मुद्दाम घालून जात होता, बिघडावं म्हणून. इथे यायला कारण हवं म्हणून. माझं नाव मध्ये नको, म्हणून तुम्हाला सांगत नसेल.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि बॅगेतून एक छापील फॉर्म काढला. “हे लिहून द्याल?”

तिने दिलं. संवादाच्या फुग्यांत लिहायची तीच तिची नेटकी, टपोरी अक्षरं. पाच तारखा, पाच वार, आणि खाली: ‘सदर कर्मचारी घड्याळ मुद्दाम बिघडवत असे, कारण त्याला मी आवडते, असा माझा समज आहे.’

“समज?” अधिकारी म्हणाले. “खात्री नाही?”

“खात्री त्याला विचारून करावी लागेल.”

“निर्णय होईपर्यंत तुम्हाला भेटायची बंदी आहे त्याला.”

“मग समजच राहू दे,” शाई म्हणाली आणि खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा तिने एखादी गोष्ट पेन्सिलने आधी न काढता थेट शाईने लिहिली होती, आणि ती चुकली असेल तर तिचं हसं अख्ख्या गुप्त संस्थेत होणार होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुकानात बसू लागली. बुधवारी, गुरुवारी, शनिवारीसुद्धा. उजेड चांगला आहे म्हणाली. आईने कपाटामागे आणखी एक स्टूल आणून ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी बाहेर पाऊस भुरभुरत होता. दार उघडलं आणि चष्म्यावर थेंब घेऊन तो आत आला. तिला पाहिलं आणि दारातच थबकला.

“आज गुरुवार आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“म्हणजे तुम्ही आज… मी मुद्दाम गुरुवारी आलो. काकूंशी आधी बोलावं म्हटलं. तुमच्यासमोर धीर झाला नसता.”

“आणि मी तीन आठवडे रोज बसतेय इथे.” शाईचा आवाज जरा चिरकला. “नोकरी?”

“राहिली. सहा महिने सामानाच्या खोलीत पाठवलंय, यंत्राजवळ फिरकायचं नाही. साहेबांनी घड्याळ परत दिलं.” त्याने मनगट पुढे केलं. घड्याळ अगदी बरोबर चाललं होतं. “त्यामुळे आज कारण काही नाही माझ्याकडे.”

“तुमच्या जगाची वाट लावली मी. न विचारता.”

“घड्याळ आत मी नेलं होतं. तुम्ही फक्त चित्र काढलंत. कान मात्र एवढे मोठे नाहीयेत माझे.”

“आहेत.”

त्याने खिशातून चौघडी केलेला कागद काढला आणि काचेवर ठेवला. “साहेबांनी याची प्रत दिली. म्हणाले, हा काही गुप्त कागद नाही, अख्ख्या मजल्याने वाचलाय.”

शाईने कागद उलगडला. वर तिची टपोरी अक्षरं, तारखा, वार, ‘असा माझा समज आहे.’ त्याखाली एक छापील रकाना होता, ‘संबंधित कर्मचाऱ्याचा खुलासा’. त्यात डॉक्टरलाही लाजवेल अशा अक्षरात लिहिलं होतं:

‘वरील मजकूर वाचला. तो खरा व बरोबर आहे.’

खाली सही होती, तारीख होती, आणि त्यावर संस्थेचा गोल शिक्का.

तिने ते दोनदा वाचलं. मग बाटलीत कुंचला बुडवला, ‘समज’ या शब्दावर एक काट मारली आणि वर ‘खात्री’ लिहिलं. 

“आणि माझा खुलासा?” ती म्हणाली. “माझ्यासाठी रकानाच नाहीये यात.”

“तोंडी चालेल,” तो म्हणाला. कान आता थेट मानेपर्यंत लाल झाले होते.

“वरच्यासारखाच आहे,” शाई म्हणाली. “अगदी तसाच. बस इथे… स्टूल तुझ्यासाठीच आणून ठेवलंय आईने.”

तो बसला. आईने पलीकडून हात पुढे केला. “ते घड्याळ दे इकडे.”

“पण काकू, बिघडलेलं नाही ते.”

“दे म्हणते ना.” तिने झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, आणि पाच तारखांच्या खाली सहावी कोरली. गुरुवारची.