मागच्या डाव्या सीटचा पट्टा

माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय! खोटं निघालं तर उद्यापासनं माझा चहा बंद करा.

कराडजवळ आमच्या गावात हंबीरराव सुभेदार हाईत. फौजेतनं रिटायर झाले आणि पुण्याच्या एका बिल्डरकडनं जुनी परदेशी गाडी घेऊन आले. पंधरा वर्सांची, काळीभोर, म्हशीगत रुंद. तिच्या खाली स्प्रिंगा न्हाईत, हवेच्या रबरी पिशव्या. बटण दाबलं की सुस्कारा सोडून खाली बसती, माणूस चढला की उठती.

घेतली ती बायकोसाठी, लीलाबाईसाठी. तिचे गुडघे पार गेलेले. एसटीची पायरी चढवंना, जीपचं तर नावच नको. लेक दीपमाला जतला दिलेली, तिला बारा वर्सांनी पोरगी झाली. दर बेस्तरवारी नातीला मांडीवर घ्यायचं तर हीच गाडी.

पण म्हातारी गाडी म्हंजे रोज नवं दुखणं. आज कूलंट गळतंय, उद्या बॅटरी उतरती, परवा पुढं पिवळा दिवा लागतो. म्हणून निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबायचं, टायर दाबायचे, खाली वाकून गळती बघायची. सुभेदारांची फौजेतली सवय.

जतहून परत येताना ही थांबायची जागा म्हंजे टँकर भरायची विहीर. उजाड माळ, एक बाभळ, लांबवर मेंढरं. एका बेस्तरवारी भर दुपारी सुभेदार पुढच्या टायराशी होते आणि गाडीचा मागचा डावा कोपरा हळूच खाली बसला. मग पिशवीत हवा भरणारा कॉम्प्रेसर घुरघुरला, कोपरा वर आला. आत टिंग टिंग सुरू. मागच्या डाव्या सीटचा पट्टा लावा म्हणून.

सीट रिकामी.

नागज फाट्यावर चहाला थांबले. कोपरा परत बसला, परत उठला. टिंग टिंग बंद.

गावातल्या जोतिबा मिस्त्रीनं त्या कोपऱ्याची हवेची पिशवी बदलली. पुढच्या खेपेला तेच. त्यानं साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघितले, कॉम्प्रेसर बदलला, सीटखालचा सेन्सर बदलला. तरी तेच. विहिरीला वाजायचं, फाट्याला थांबायचं.

"सुभेदार, गळती आसती तर नुसती खाली बसली आसती," जोतिबा हात पुसत म्हणाला. "ही माणूस चढल्यागत बसती आन् वजन धरून उठती."

"मग मी वडापची जीप चालवतोय व्हय रं, वाटंवरची माणसं भरून?"

"ते तुमी बघा. मी पार्ट बदलतो, पाशिंजर न्हाई."

सुभेदार तापले. घरी येऊन म्हणाले, "लीला, आता एकदा वाजली की भंगारात."

"मंग मला खांद्यावर बसवून न्या जतला," लीलाबाई म्हणाली. पण तिला ठाऊक होतं, गाडी गेली की नात गेली.

पुढच्या बेस्तरवारी विहिरीवर सुभेदार बॉनेट उघडून उभे होते. कोपरा बसला, उठला. टिंग. लीलाबाई दाराला धरून, गुडघे आवळत उतरली. मागचं दार उघडलं. वाजणं बंद पडलं तर नवऱ्याला काय कळतंय? तिनं पट्टा ओढला.

लय ओढावा लागला.

खटका लागला, वाजायचं थांबलं. रिकाम्या सीटवर पट्टा चपटा पडतो. हा पडला न्हाई. वीतभर पुढं, ताणून राहिला.

लीलाबाईनं दार लावलं. पुढं येऊन बसली.

फाट्यावर कोपरा खाली बसला. उठला न्हाई. चहा गार झाला. सुभेदारांनी बटण दाबदाबून बघितलं.

"आवं, तसंच चला हळूहळू."

"तू का घामाघूम झालीस गं?"

"ऊन हाय."

तीसच्या वेगानं, एका कुशीवर कलून, गाडी दिवस मावळताना दारात आली. सुभेदार तडक घरात गेले, भंगारवाल्याला फोन लावायला. लीलाबाई मागं राहिली. दार उघडलं. पट्टा अजून तसाच, फुगलेला.

तिनं लाल बटण दाबलं.

पट्टा हळूहळू आत गेला. कॉम्प्रेसर घुरघुरला. कोपरा वर आला.

सुभेदार फोन कानाला लावून बाहेर आले, तर गाडी चारी बाजूनं सरळ उभी. त्यांनी फोन ठेवला. "बघ, जोतिबाच्या हाताला गुण हाय," म्हणाले.

त्या दिवसापासनं गाडीची तक्रार न्हाई. विहिरीवर थांबतात, टायर दाबतात, निघतात. लीलाबाईची बेस्तरवारची वारी चुकत न्हाई, नात आता आज्जीला वळखून हसती. फकस्त घरी दुपारची ती सोफ्यावर टेकली की शेजारची गादी हळूच दबती. लीलाबाई जरा सरकून बसती.

आता एवढी शपथ घेतली म्हणून सांगते. एक गोष्ट मी पदरची घातली. लाल बटण लीलाबाईनं दाबलं न्हाई. तिनं दार उघडलं, हात पुढं केला, आन् तिचं बोट पोचायच्या आधीच खटका सुटला.