रस्त्यातून झिरपलेली वीज

कौतिकाबाई गवळींच्या तीन म्हशी गोठ्यापुढच्या रस्त्यालगत उभ्या जागी कोसळल्या होत्या. रस्ता नवाच होता. डांबराखाली तारांची वेटोळी पुरलेली, आणि वरून धावणारी बस चालता चालताच चार्ज व्हायची. पंचक्रोशीतली माणसं तो बघायला येत.

"काल वळीव झाला. वीज पडली असणार," रस्त्याच्या कंपनीचे अभियंता चिटणीस म्हणाले. "तसा दाखला द्या, म्हणजे बाईंना भरपाईही लवकर मिळेल."

पशुवैद्य ऋजुता बोंद्रे म्हशींजवळ वाकल्या. म्हशींच्या कातडीवर वीज पडल्याच्या फांद्यांसारख्या खुणा नव्हत्या. खुरांच्या बेचक्यात मात्र बारीक करपलेले ठिपके होते. शवविच्छेदन करून त्यांनी हृदयाच्या स्नायूचा पातळ काप घेतला आणि पेशीवाचकात सरकवला. झटका बसला की पेशींच्या आवरणाला सूक्ष्म भोकं पडतात. आकाशातली वीज क्षणभराची, तारेतला प्रवाह रेंगाळणारा. हे यंत्र भोकांवरून दोन्हींतला फरक सांगे.

"तारेतला प्रवाह आहे," त्या म्हणाल्या. "ओल्या जमिनीतून पुढच्या पायांत चढला आणि हृदयातून मागच्या पायांत उतरला."

"मग माणसं कशी चालतात इथून?" चिटणिसांनी विचारलं.

"माणसाची पावलं जवळजवळ पडतात, प्रवाह पायांतल्या पायांतच फिरतो. म्हणून..."

त्या थांबल्या. पडद्यावर ताज्या भोकांच्या खाली जुन्या, भरून आलेल्या खुणा उमटत होत्या. थरावर थर. गळती कालची नव्हती. कित्येक आठवडे थोडी थोडी होत होती.

"रस्ता बंद करा. आत्ताच."

"मॅडम, रुग्णवाहिकाही याच रस्त्यावर चार्ज होते!"

"तिच्याऐवजी डिझेलची गाडी मागवा." ऋजुताबाईंनी तिथूनच तहसीलदारांना फोन लावला. ते ऐकून चिटणिसांनी खांबावरची पेटी उघडली आणि रस्त्याचा खटका खाली ओढला.

इतका वेळ कौतिकाबाई मेलेल्या म्हशीच्या मानेवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, धार काढताना हाताला मुंग्या येत होत्या, त्या ह्याच्याच का?"

ऋजुताबाईंची नजर कौतिकाबाईंच्या पायांवर गेली. हात म्हशीच्या आचळाला, अनवाणी पाय ओल्या जमिनीवर. म्हणजे प्रवाहाची वाट थेट छातीतूनच.

"धार कोण काढतं?"

"पहिले मीच काढायची. आता सूनबाई. सातवा महिना चाललाय तिला."

गोठ्याच्या दारात हातात रिकामी बादली घेऊन सून उभी होती. ऋजुताबाई तिला गाडीत बसवायला निघाल्या. जिल्ह्याच्या रुग्णालयात निदान हृदयाचा आलेख तरी काढता येणार होता.

"तिथं कशाला? तुमच्या यंत्रातच बघा ना," कौतिकाबाई म्हणाल्या.

"यात जिवंत माणसाचं बघता येत नाही, बाई. हृदयाचा तुकडा कापून घालावा लागतो."

कौतिकाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, मग पदराखालच्या तिच्या पोटाकडे.

"म्हशींचं मेल्यावर कळलं," त्या म्हणाल्या. "आमचंही मेल्यावरच कळायचं का?"