घाटात जेवायला बोलावलेला पावणा

थापा वाटत असतील तर खुशाल वाटू द्यात. ज्याच्यावर बेतलं तो प्रसेनजीत आजही हातकणंगल्यात सायकल दामटतोय. जाऊन विचारा की!

साल २००३. दसऱ्याचा दुसरा दिवस. जागा आंबोलीचा घाट. रात्र बित्र काही नाही... भर दुपार.

प्रसेनजीतचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं वाळलेला. जन्मभर एकच ऐकत आलेला, "तुला झेपायचं न्हाय." ऐकून ऐकून डोस्कं उठलं होतं त्याचं. म्हणून मित्राला, कृष्णातला, घेऊन तो सायकलनं सावंतवाडीला गेला. आणि परतताना हट्टाला पेटला. अख्खा घाट पायडल मारत चढणार! दम खायला थांबेन, पण सायकल हातात धरून एक पाऊल चालणार नाही.

चालला असता, तर गावातली सगळी तोंडं खरी ठरली असती.

कृष्णात धट्टाकट्टा गडी. तो गेला पुढं निघून.

अर्ध्या घाटात प्रसेनजीत कठड्यावर टेकला. फडक्यातली भाकरी सोडली. दरीतून धुकं वर आलं आणि समोरचा रस्ताच गायब झाला. ना गाडी, ना पाखरू...

तेवढ्यात कुणीतरी खाकरलं.

अगदी जवळ...

दिसलं कुणीच नाही. पण आपल्याकडं जेवताना कुणाची चाहूल लागली की तोंडातून आपोआप काय निघतं? तेच निघालं.

"या पावणं, जेवायला!"



आणि मग शेजारीच, कठड्यावर... मचमच. कुणीतरी भाकरी चावत होतं.

फडक्यात दोन भाकऱ्या होत्या. एक त्याच्या हातात. दुसरी...

नव्हती.

 फडकं तिथंच टाकून तो सायकलवर बसला.

कॅरियर करकरलं.

मागचं चाक दबलं. हवा फुल्ल होती, तरी दबलं. सगळा भार उजव्या पायावर घेऊन त्यानं पायडल मारलं. सायकल जेमतेम सरकली. छातीचा नुसता भाता झाला.

मानेला गार श्वास लागला... आणि आवाज आला. हळू, मायेचा.

"उतर लेकरा. तुला झेपायचं न्हाय."

दुसरा असता तर जागीच गार झाला असता. हा भडकला!

"आयला, तू बी? मेल्यावर बी हेच सांगायला आलास व्हय रं? माझी भाकरी खाऊन मलाच अक्कल शिकवतोस? उतरायचं तर तू उतर की!"

रडत होता, शिव्या घालत होता, पण पायडल मारत होता. मांडीत गोळे आले. प्रत्येक वळणावर मागून तेच... "उतर लेकरा..."

"न्हाय उतरत, जा!"

चढ संपला. त्या कठड्यापासून पाय एकदाही जमिनीला लागला नव्हता. धुक्यातून कृष्णातची हाक आली.

आणि कॅरियर एकदम हलकं झालं.

उतरलं होतं कुणीतरी. उतरून परत खाली, घाटात चाललं होतं. पावलं स्पष्ट ऐकू येत होती. एक टेकत होतं... दुसरं फरफटत होतं.

हा आवाज प्रसेनजीत रोज ऐकायचा. स्वतः चालताना.

"पावणं, थांबा!" तो ओरडला.

पावलं थांबली नाहीत.

कृष्णात धावत आला. सगळं ऐकून म्हणाला, "भास असंल लेका. दमलायस तू."

"दमलोय. पण उतरलो न्हाय." प्रसेनजीतनं खाली घाटाकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "त्याला असंच 'झेपायचं न्हाय' म्हणत कुणी रं उतरवलं असंल?"



प्रसेनजीत दरसाल तो घाट चढतो, एकदाही न उतरता. मागं परत कुणी बसलं नाही. पण त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.