पुढच्या दारानं

"ए पानचोरा! उतर खाली!"

मारिविकनं विळा उगारला नव्हता. झाडावरच्या माणसाला नीट दिसेल असा नुसता धरला होता. बांधावरच्या काबालच्या झाडावर एक तरुण चढून बसला होता आणि सदऱ्यात पानं कोंबत होता.

"उतरतो. आधी तो विळा खाली ठेव."

"विळा राहील. तू उतर."

तो उतरला... म्हणजे अर्धा उतरला, अर्धा पडला. पानं चिखलात सांडली. तो जवळ आला तसा तिच्या नाकाला झणका बसला.

"लसूण?"

"आणि सिरका," तो गुडघे झटकत म्हणाला. "बाजारामागे आमचं लोंगानिसाचं दुकान आहे. दिवसभर डुकराच्या मांसात लसूण कालवायचा आणि आतड्यांत भरायचा. कितीही आंघोळ करा, वास जात नाही. आलिंग पुराचा मुलगा मी. एफ्रेन."

"आलिंग पुराला मुलगा आहे हे ठाऊक होतं. चोर आहे हे आज कळलं."

तो हसला. हसताना त्याचे कान हलत. हलत्या कानांचा पुरुष आवडू द्यायचा नाही, असं काही मारिविकनं कधी ठरवलेलं नव्हतं. ठरवायला हवं होतं.

तिनं एक पान उचलून उजेडात धरलं. "हे बघ. किडीनं चाळण केलीय. यावर पीठ ओतलंस तर अर्धं खाली गळेल. किपिंग करायचंय की गाळणं?"

"मग तू निवडून दे ना."

"का? मी तुझी कोण?"

"अजून कोणी नाही..."

"अजून?" तिनं विळा पुन्हा वर केला. तो दोन पावलं मागं सरला, पण कान हलतच होते.

बनाहाव डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात मे महिना लागला की सगळ्यांच्या डोळ्यांत एकच दिवस असतो, शेतकऱ्यांच्या संताचा, सान इसिद्रोचा. त्याची मिरवणूक दरवर्षी वेगळ्या गल्लीतून जाते. ज्या गल्लीची पाळी, तिथली घरं छपरापासून उंबऱ्यापर्यंत सजतात: भाताच्या पेंढ्या, भोपळे, मिरच्या, आणि तांदळाच्या पिठाचे ते पारदर्शक रंगीत पापुद्रे. पानावर पीठ ओतायचं, वाफवायचं, वाळवायचं. पानाची शीर न् शीर त्यात उमटते. त्यालाच किपिंग म्हणतात. गावातल्या प्रत्येक गल्लीची कधी ना कधी पाळी येते. ओढ्यापलीकडच्या वस्तीची कधीच येत नाही. म्हणजे जिथं ते भात पिकतं, तिथली. रस्ता खराब आहे म्हणे. देवाला खड्डे चालत नाहीत. शेतकऱ्याला चालतात.

मारिविक त्या वस्तीतली. घरात ती, तिचे वडील म्हणजे ताताय सेलो, आणि एक म्हैस.

यंदा पाळी आलिंग पुराच्या गल्लीची होती. दुसऱ्या दिवशी एफ्रेन परत आला तो फाटक्या किपिंगचा गठ्ठा घेऊन. चेहरा असा, की जणू घरात कुणी गेलंय.

"नानाय रडतेय," तो आईबद्दल म्हणाला. "एकसुद्धा अख्खं निघत नाही. मजुरीवर येशील का, असं तिनं—"

"मजुरीवर नाही येणार," मारिविक म्हणाली. "शेजारी म्हणून येईन. सांग तिला."

आणि ती गेली. लसणाच्या माळांखाली, वाफेनं भरलेल्या त्या स्वयंपाकघरात तिनं पीठ पातळ केलं, लाल केलं, हिरवं केलं, पानावर ओतून पान अलगद कलतं केलं. एफ्रेन शेजारी उभा राहून वाफवलेली पानं दोरीवर टांगत होता आणि दर घटकेला एखादं ओढून बघत होता.

"फाडलंस! पान वाळल्याशिवाय पापुद्रा सुटत नाही, किती वेळा सांगू?"

"आणि थांबलो तर?"

"थांबलास तर आपण होऊन सुटतो."

"किती थांबायचं, मारिविक?"

त्यानं ते किपिंगकडे न बघता विचारलं. तिनं मात्र किपिंगकडेच बघत उत्तर दिलं, "ज्याला घाई असेल त्यानं लोंगानिसा भरावी."

एकदा तर त्यानं कहर केला. वाळलेले पापुद्रे सपाट व्हावेत म्हणून ते लोंगानिसाच्या पाटाखाली दाबून ठेवले. दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला लसणाचा वास.

"संत नाक धरून जाईल तुमच्या दारावरून," मारिविक हसून हसून खाली बसली.

"उलट थांबेल. म्हणेल, जेवण तयार दिसतंय."

संध्याकाळी काम उरकल्यावर तो तिला कोपऱ्यावर पान्सित खायला घेऊन गेला. केळीच्या पानावर शेवया, वरून सिरका; हात लावायचा नाही, पान उचलून सरळ तोंडानं खायचं. तिथं कुणी नाजूक राहूच शकत नाही. एफ्रेनच्या नाकाच्या शेंड्याला शेवई चिकटली. तिनं अंगठ्यानं ती काढली... आणि मग लक्षात आलं, आपण भर रस्त्यात उभ्या आहोत आणि अंगठा अजून त्याच्या नाकावरच आहे.

"निघाली?" त्यानं हळूच विचारलं.

"कधीच."

"मग?"

तिनं अंगठा काढून घेतला. घरी पोचेपर्यंत तो तिला वेगळाच वाटत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

सणाच्या आदल्या दुपारी डोंगरावरून धुकं उतरलं आणि मागोमाग बारीक बुरबुर आली. किपिंगला ओल लागली की संपलं, पुन्हा पिठाचं पीठ. दोघं धावत शिडीवर चढली आणि खिडकीतल्या किपिंगच्या झुंबरावर प्लास्टिकचा कागद धरून उभी राहिली. कागद एक, माणसं दोन. तिच्या केसांतलं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळत होतं.

"मारिविक... उद्या जेवायला ये. तातायना घेऊन ये. माझ्या शेजारी बस."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काही म्हणायच्या आत मीच सांगणार आहे."

"काय?"

"ते उद्याच. सगळ्यांसमोर."

ती कागद नको तेवढा घट्ट धरून राहिली.

सणाच्या दिवशी त्या गावात दार बंद नसतं. रस्त्यानं जाणारा परका माणूससुद्धा हाक मारून आत घेतात, ताटावर बसवतात. नाव विचारतात ते जेवण झाल्यावर. कुत्रंसुद्धा उपाशी परतत नाही.

मारिविकनं पिवळा झगा घातला. ताताय सेलोंनी पांढरा सदरा घातला, त्याची वरची गुंडी लावली, काढली, परत लावली. दोघं आलिंग पुराच्या दाराशी आली. घर बघून ती थबकली. आपल्याच हातचं होतं, तरी थबकली. सगळी भिंत उजेडात पेटल्यासारखी. दारात गवताचे दोन शेतकरी करून बसवले होते, नवरा आणि बायको, वेताच्या खुर्च्यांवर, ऐटीत.

"आलीस का पोरी!" आलिंग पुरा घामाघूम होऊन पुढे आली. "बरं झालं बाई. मागच्या दारानं ये, ताटं धुवायला हात कमी पडतायत. आत बडी मंडळी बसलीत. आणि सेलो, तुम्ही जरा या पुतळ्यांशेजारी उभे राहा बघू. मनिलाच्या पाहुण्यांना खऱ्या शेतकऱ्याबरोबर फोटो हवाय."

आणि ताताय उभे राहिले. टोपी हातात घेऊन, उन्हात, हसत. गवताच्या शेतकऱ्याला खुर्ची, हाडामांसाच्याला नाही. सण कुणाचा म्हणायचा?

मारिविकनं उघड्या दारातून आत पाहिलं. एफ्रेन लेचोनचं, म्हणजे अख्ख्या भाजलेल्या डुकराचं, मोठं ताट घेऊन टेबलाशी उभा होता. त्यानं तिला पाहिलं. तातायना पाहिलं. आईनं मागच्या दाराकडे केलेलं बोट पाहिलं. त्याचे ओठ हलले. टेबलावर कुणीतरी हाक मारली, "एफ्रेन, इकडे वाढ रे!" आणि त्यानं मान खाली घातली. तो वाढायला वळला.

एवढंच झालं. पण एवढं पुष्कळ झालं.

"ताताय, चला."

"अगं, अजून एक फोटो—"

"चला म्हणते ना."

दोघांनी ओढा ओलांडला. मग ताताय म्हणाले, "मला काही वाटलं नाही हं, पोरी."

"म्हणूनच मला जास्त वाटलं," ती म्हणाली. आणि मग रडली. मोठ्यानं, नाक ओढत, झग्याची बाही खराब करत.

दुपार कलली. खाली गावात मिरवणुकीचा बँड वाजू लागला. मारिविकनं सकाळचा भात परतला, सुकी मासळी भाजली. ताटं मांडतेय तोच बांधावरून कुणीतरी येताना दिसलं. रस्ते मिरवणुकीसाठी बंद, म्हणून पायी. चांगले बूट चिखलात, अंगावर सणाचा सदरा.

"ताताय," एफ्रेन उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाला.

"मी तुझा ताताय कधीपासून?" सेलो गुरगुरले. मग सुस्कारा सोडला. सण होता. "जेवलास?"

"नाही. घास उतरला नाही."

"मग ये. आजच्या दिवशी दारातल्याला जेव म्हणावंच लागतं. मनात काही का असेना."

तो जमिनीवर बसला. मारिविकनं त्याच्यासमोर ताट आपटलं. मासळीनं उडी मारली.

"मी भ्यालो," तो म्हणाला.

"दिसलं."

"नानायला नाही भ्यालो. ती माणसं... सगळे एकदम माझ्याकडे बघतील असं वाटलं, आणि जीभच—"

"आणि माझ्याकडे कोण बघत होतं? माझ्या बापाकडे?" तिचा आवाज चढला. "फोटो काढत होते, एफ्रेन! भोपळ्यासारखे!"

"माहीत आहे. म्हणून सांगायला आलोय. माझं तुझ्यावर प्रेम आहे, मारिविक. त्या झाडावरून पडलो तेव्हापासून."

छातीत काहीतरी सुटलं, अगदी आपण होऊन. तिनं ते घट्ट दाबून धरलं.

"इथं कोण आहे ऐकायला?" ती म्हणाली. "तीन कोंबड्या आणि एक म्हैस. यांच्यापुढं कुणीही शूर होतो. जिथं मान खाली घातलीस, तिथं वर कर. नाहीतर जेव, आणि जा."

एफ्रेननं ताटाकडे पाहिलं. मग उठला. "चला. तुम्हीपण, ता... सेलोकाका. तुमच्याशिवाय नाही."

"मी आत्ताच बूट काढलेत," ताताय पुटपुटले. पण सदऱ्याची वरची गुंडी लावत उठले.

मिरवणूक येऊन गेली होती. गल्लीत किपिंगचे तुकडे पडले होते. घरोघर किपिंगची सजावट उतरवून लोकांत उधळून झाली होती; भिंतींवर पेंढ्या तेवढ्या उरल्या होत्या. आलिंग पुराच्या घरी मंडळी अजून टेबलाशीच होती आणि एफ्रेनचे मामा माइक धरून बेसूर गात होते. एफ्रेन पुढच्या दारानं आत शिरला. त्याच्या एका हातात मारिविकचा हात होता. तळवा घामानं ओला, पण सोडला नाही. दुसऱ्या हातानं त्यानं मामांचा माइक ओढून घेतला.

"ही मारिविक," तो म्हणाला, आणि यंत्रानं त्याचा आवाज अख्ख्या गल्लीत घुमवला. "हे घर हिनं सजवलं. हे तिचे वडील. या भिंतीवरच्या पेंढ्या त्यांच्या शेतातल्या. दुपारी ही दोघं आपल्या दारातून उपाशी परत गेली, सणाच्या दिवशी, आणि मी ताट धरून बघत राहिलो. चूक माझी. मला हिच्याशी लग्न करायचंय. हिनं अजून हो म्हटलेलं नाही."

सगळे घास थांबले. मनिलाची बाई चमचा तोंडात घालून तशीच बसली.

"मग विचार ना, गाढवा!" मामा ओरडले. "आणि माइक दे, माझं कडवं राहिलंय!"

कुणी हसलं नाही. सगळे आलिंग पुराकडे बघत होते. तिचा चेहरा लालबुंद झाला. तिनं मुलाकडे पाहिलं, हातात हात पाहिला, मग सेलोंचे चिखलानं भरलेले बूट पाहिले.

"उपाशी?" तिनं विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता. "माझ्या दारातून?"

"हो, आलिंग पुरा," मारिविक म्हणाली. "मी शेजारी म्हणून आले होते. तुम्ही मला मोलकरीण केलंत आणि तातायना पुतळा."

एकही खुर्ची रिकामी नव्हती. आलिंग पुरानं मनिलाच्या पाहुण्यांकडे पाहिलं, मग पदवीच्या, पदाच्या, सोन्याच्या दातांच्या सगळ्या मंडळींवरून नजर फिरवली आणि स्वतः उठली. आपली खुर्ची तिनं सेलोंच्या मागे सरकवली. मग भावाच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

"बसा," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात अजून थोडा ताठा. "जेवा. आणि तू, पोरी... वाढून देऊ की हातानं घेशील?"

"वाढा," मारिविक म्हणाली, आणि बसली.

आलिंग पुरानं वाढलं. भात वाढला, लेचोन वाढलं, कुरकुरीत साल निवडून वाढली. एफ्रेन तिच्या खुर्चीशी उभाच राहिला. बसायला जागा नव्हती, आणि असती तरी तो बसला नसता.

"मारिविक," तो वाकून म्हणाला, "मग...?"

तिच्या तोंडात घास होता. तिनं तो सावकाश चावला, गिळला, घोटभर पाणी घेतलं. सगळं टेबल वाट बघत होतं. तातायसुद्धा.

"लावणीला ये," ती म्हणाली. "पाय चिखलात घाल, कंबर मोडू दे. मग तातायना विचार. ते हो म्हणाले तर माझंही हो."

"लावणी पुढच्या महिन्यात," एफ्रेन कुजबुजला. "उद्या आलो तर?"

"उद्या काम नाही शेतात."

"नाही?"

तिनं ताटातल्या सालीचा एक तुकडा मोडला आणि सगळ्यांसमोर, अजिबात घाई न करता, त्याच्या तोंडाशी धरला.

"उद्या," ती म्हणाली, "नुसता ये."