पुलाचा अर्ज आणि गुरांचे डॉक्टर

"शेवटची तारीख म्हणजे शेवटचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून तुम्हाला कुणी 'या, बसा' म्हणणार नाही," असं मी सभागृहात ठणकावून सांगत होते, आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं.

आत आला तो गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक उंच माणूस. केस बोटांनीच मागे सारलेले, शर्टाच्या खिशात जाडजूड थर्मामीटर. मागच्या खुर्च्या भरलेल्या होत्या, म्हणून बिचारा बूट करकरवत थेट पहिल्या रांगेत आला आणि माझ्यासमोरच बसला. सगळी सभा त्या करकरीकडे बघत होती. मी मात्र त्याच्या कानांकडे बघत होते... ते लाजून लालबुंद झाले होते.

आमचं कार्यालय म्हणजे लहान लहान गावांच्या नगरपालिकांचा संघ. तिथलं साप्ताहिक बातमीपत्र मी लिहिते. कुठला नवा नियम आला, कुठला निधी निघाला, अर्ज कधीपर्यंत करायचा, सगळं साध्या भाषेत. ज्या नगरपालिकेचं अख्खं कार्यालय दोन टेबलांत मावतं, तिला सरकारी भाषेचं जंगल तुडवायला वेळ कुठून असणार? म्हणून अधूनमधून अशी सभा घेऊन समोरासमोरही समजावते.

"काही प्रश्न?" मी विचारलं.

पहिल्या रांगेतला हात वर झाला. "लाळ्या-खुरकुताची लस कधी येणार?"

सभागृह खो खो हसलं. मी ओठ दाबून धरले. "ते... बहुतेक वरच्या मजल्यावर पशुसंवर्धनवाले सांगतील. इथं नगरपालिकांची सभा आहे."

"अरेच्चा." तो अर्धवट उठला, दाराकडे बघितलं, आपल्या बुटांकडे बघितलं आणि परत बसला. "आता पुन्हा तेवढं करकरत नाही जात. बसलोच आहे, तर ऐकतो."

आणि ऐकलंन् की हो! असं ऐकणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. हनुवटी तळव्यावर टेकवलेली, नजर माझ्यावर रोखलेली. दोनदा माझं वाक्य मधेच तुटलं.

सभा संपल्यावर तो टेबलाशी आला. "तुम्ही मघाशी पादचारी पुलाचं म्हणालात. ते खरंच आमच्यासारख्यांना मिळतं? आमचं गाव ओढ्यानं मधोमध कापलंय. शाळा अलीकडे, गोठे पलीकडे. पाणी चढलं की पोरं घरी, आणि मी कमरेएवढ्या पाण्यात."

"पण अर्ज नगरपालिकेनं करायचा असतो. तुम्ही तर गुरांचे डॉक्टर."

"सदस्यही आहे. बिनविरोध!" तो मिश्कील हसला. "म्हणजे दुसरं कुणी उभंच राहिलं नाही."

मी त्याला बातमीपत्राचा अंक दिला. मागे फोन नंबर होता. कार्यालयाचाच... पण उचलते मीच, एवढं मात्र सांगून टाकलं. का सांगितलं, कोण जाणे.

दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"मॅडम, 'तांत्रिक व्यवहार्यता' म्हणजे काय?"

"पूल पडणार नाही ना, एवढंच."

"मग तसं लिहायला काय होतं त्यांना?"

"तसं लिहिलं असतं, तर माझी नोकरी गेली असती, डॉक्टर."

"छे छे. मग लिहू देत तसंच."

पुढे रोजच फोन यायला लागले. कधी मागून हंबरणं ऐकू यायचं, कधी कोंबड्यांचा कालवा. एकदा तर म्हणाला, "जरा थांबा हं, एक बकरी तुमचं बातमीपत्र खातेय." आणि मी एकटीच हसत बसले. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे संघाच्या सचिव, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "निधीच्या बातमीला एवढं हसू येतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं."

अर्जाचं सगळं जुळत आलं आणि एका ठिकाणी अडलं. पुलाचं पलीकडचं टोक माईंच्या बागेत उतरणार होतं. माई म्हणजे गावातल्या सगळ्यांत वयस्कर बाई. एकट्या राहणाऱ्या, जिभेनं तिखट. त्यांची संमती नसेल, तर अर्ज बाद. आणि माई म्हणत होत्या, नाही म्हणजे नाही.

"मी येते," मी फोनवर म्हटलं. "नियम समजावून सांगते."

मी गेले तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि ओढा फुगायला लागला होता. डॉक्टरनं मला पलीकडे नेलं. पुढे चालत, प्रत्येक दगडावर आधी स्वतः उभा राहून, मग हात पुढे करून. हात खरबरीत होता आणि ऊबदार. शेवटच्या दगडानंतर तो सोडायला दोघंही विसरलो... एक क्षणभरच!

माईंच्या अंगणात आधीच गर्दी जमली होती. नगराध्यक्ष काका आवाज चढवून बोलत होते. "माई, चार झाडांसाठी सगळं गाव वेठीला धरायचं? अहो, तारीख निघून जाईल!" मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीच्या गाईला डॉक्टरची गरज पडेल ना, तेव्हा कळेल."

माईंनी पदर घट्ट ओढून घेतला. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. मी कागद उघडून नियम सांगायला तोंड उघडलं, तर डॉक्टरनं हळूच मान हलवली. थांबा.

तो माईंच्या शेजारी पायरीवर बसला.

"माई, एक आधी सांगतो. तुम्ही नाही म्हणालात, तरी उद्या मी तुमच्या गाईला बघायला येणार. परवाही येणार. पाणी कितीही असू दे. गाईचा आणि पुलाचा काही संबंध नाही. तुमचा-माझा संबंधही नाही बिघडणार. आता सांगा, झाडं कुठली जातायत?"

माईंनी त्याच्याकडे बघितलं. मग काठी टेकत उठल्या. "ये, दाखवते."

नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी लावलेली झाडं होती ती. माई एकेकाच्या खोडावर हात ठेवत गेल्या, आणि तो प्रत्येकापाशी थांबून ऐकत गेला. कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत आल्यावर माईंनीच काठीनं खूण केली. "इथून घ्या की. इथली दोन मीच काढणार होते, कीड लागलीय. उगाच सगळे ओरडत आले. कुणी विचारलं का, कुठून घेऊ म्हणून?"

मी तिथंच उभी होते. हातातले नियम हातातच राहिले होते. इतक्या गावांना मी इतकं शिकवलं, पण समोरच्याच्या डोक्यावरचं ओझं आधी उतरवायचं आणि मग प्रश्न विचारायचा, हे मी त्या दिवशी बघितलं. आणि खरं सांगू? माझं जे काही व्हायचं होतं, ते त्या कुंपणापाशीच झालं.

पुलाची जागा बदलली, म्हणजे नकाशाही नवा काढायला हवा. त्यात पाऊस कोसळला. शेवटच्या तारखेला दुपारपर्यंत त्यांचा अर्ज आला नव्हता. फोन लागत नव्हता. मी खिडकीशी जायचे, टेबलाशी यायचे, पुन्हा खिडकीशी. मोठ्या बाई म्हणाल्या, "फरशी झिजेल गं."

आणि जिन्यावर करकर ऐकू आली!

तो नखशिखांत भिजला होता. छातीशी लशीची थंडपेटी धरलेली. "पाणी शिरणार नाही असं घरात हेच एक होतं," त्यानं धापा टाकत पेटी उघडली. आतले कागद कोरडे ठणठणीत, आणि बर्फासारखे गार. त्यावर माईंची थरथरती सही. मी कागद घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... तीही तितकीच गार.

"वेळेत आलो?"

"आलात," मी म्हटलं. आणखी काही म्हणायचं होतं, पण मोठ्या बाई टॉवेल घेऊन मधे आल्या.

पूल मंजूर झाला. ती बातमी मीच लिहिली, पहिल्या पानावर. त्यांच्या गावातून फोन आला तो नगराध्यक्ष काकांचा. मागे टाळ्या, आरडाओरडा. डॉक्टरनं मात्र फोन घेतला आणि एवढंच म्हणाला, "आभारी आहे, मॅडम. मनापासून."

त्यानंतर फोन बंद.

काम संपलं होतं ना! फोन करायला आता कारणच उरलं नव्हतं. आणि मी? फोन वाजला की झडप घालायचे आणि कुठल्यातरी गावाला गटारांच्या निधीची माहिती द्यायचे, रडक्या आवाजात. शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या, "सगळ्या दुनियेला शेवटच्या तारखा सांगतेस. स्वतःची कधी आहे, बघितलंस का?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली.

ओढा उतरला होता. चपला हातात घेऊन मी एकटीच पलीकडे गेले. डॉक्टर माईंच्या गोठ्यात भेटला. गाईचा मागचा पाय त्यानं मांडीवर घेतला होता, आणि तो खुरातली जखम साफ करत होता. हात कोपरापर्यंत शेण आणि जांभळ्या औषधानं माखलेले. माई शेजारी उभ्या होत्या.

"मॅडम! पुलाचं काही अडलं का?"

"नाही."

"नवा निधी निघाला?"

"नाही."

"मग... काय काम काढलंत?"

"काहीच नाही. बिनकामाची आले."

माईंनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "मला हल्ली ऐकू येत नाही," असं मोठ्यानं जाहीर करून त्या घरात गेल्या.

"फोन का बंद केलात?" मी विचारलं.

"फोन चालू आहे..."

"डॉक्टर!"

तो खुराकडेच बघत राहिला. "तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत. लगेच दुसरं काही मागायला आलो असतो, तर तुम्हाला नाही म्हणायला जड गेलं असतं. म्हटलं, आधी पूल होऊ दे. लोक त्यावरून चालायला लागू देत, आपला हिशेब सगळा मोकळा होऊ दे. आणि मग हात धुऊन तुमच्या मागे लागायचं."

"पूल व्हायला वर्ष जाईल."

"हो," तो हताशपणे म्हणाला. "ते जरा चुकलंच."

मला हसू आवरेना. "आणि काय मागणार होतात?"

आता त्याचे कान पेटले. "हा पाय सोडता येत नाही, नाहीतर उभा राहून नीट विचारलं असतं. तुम्ही... तू आवडतेस मला. खूप. आयुष्यभर ऐकत बसावं, इतकी. पण नाही म्हणालीस तरी—"

"तरी उद्या गाईला बघायला येणार. माहितेय."

"नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "नाही म्हणालीस, तर मला फार वाईट वाटेल."

गाईनं शेपटी झटकली. माझे डोळे भरून आले होते, उगाचच.

"अगं, बादली तिथंच आहे, दारामागे!" आतून माईंचा आवाज आला. "बोलत काय बसलीस?"

त्यानं पट्टी बांधून गाईचा पाय अलगद खाली ठेवला आणि तो उभा राहिला, माखलेले हात अंगापासून लांब धरून. मी बादलीत तांब्या बुडवला आणि त्याच्या समोर गेले.

"पुढे कर हात."

जांभळं पाणी त्याच्या बोटांवरून ओघळून मातीत जिरलं. मग ते फिकं झालं, मग नितळ. माझा तांब्या रिकामा झाला तरी त्यानं हात मागे घेतले नाहीत.

"धुतले," तो हळूच म्हणाला. "आता?"

मी तांब्या खाली ठेवला आणि ते ओले हात माझ्या हातात घेतले.

"आता लाग मागे."