कठड्यामागची पांढरी पट्टी

“उद्या शर्यत आहे आणि तू फोटो चाळत बसलीस?” तिच्याबरोबर पोहायला येणाऱ्या बोक्याने टिकलीच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला.

टिकलीने तो बाजूला सारला. सुट्टी लागली त्या दिवशी मामाने आपला खिशात मावणारा कॅमेरा तिला देऊन टाकला होता. “याला झूम नाही,” तो म्हणाला होता. “जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जायचं.” तेव्हापासून ती रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर येई, शिडीच्या त्याच दांड्यावर कॅमेरा टेकवी आणि एक फोटो काढी. पाण्याचा रंग रोज कसा बदलतो ते तिला बघायचं होतं.

पण आता तिचं लक्ष पाण्याकडे नव्हतंच.

तिने पलीकडे बसलेल्या मोठ्या भावाला हाक मारली. “दादा, इकडे ये. हा सोमवारचा. समोरच्या गॅलरीचा कठडा मागच्या खिडकीच्या खालच्या कडेला टेकलेला दिसतोय ना? आता हा आजचा बघ.”

आजच्या फोटोत कठडा आणि खिडकी यांच्यामध्ये भिंतीची बोटभर पांढरी पट्टी दिसत होती. दादाने बटण दाबून फोटो पुढे-मागे केले. पट्टी येत होती, जात होती.

“खिडकी वर सरकली?” बोक्याने विचारलं.

“खिडकी कशी सरकेल?” दादाने पट्टीवर बोट ठेवलं. “गॅलरी खाली आलीय.”

तिघांनी मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. उद्या तिथे पोरांचे आईबाप दाटीवाटीने बसणार होते, आणि बरोबर खाली पोहणाऱ्या मुलांची रांग लागणार होती.

तलावाचे व्यवस्थापक माणसांकडून गॅलरीत खुर्च्या चढवून घेत होते. त्यांनी फोटोंकडे धड पाहिलंही नाही. “कॅमेरा वाकडा धरला असशील. पळा, मला कामं आहेत.”

टिकलीचं रडू फुटायच्या बेतात होतं. बोका मात्र अगदी साळसूदपणे म्हणाला, “काका, तिचा हात थरथरतोच. तुम्हीच काढा ना एक. म्हणजे आम्ही गप्प बसू.”

व्यवस्थापक हसले. टिकलीने दाखवलं तिथे, दांड्यावर कॅमेरा टेकवून त्यांनी ऐटीत फोटो काढला. मग तिने त्यांनाच बटण दाबायला लावलं. सोमवार. आज. सोमवार. आज.

त्यांचं हसू मावळलं. पुढच्या क्षणी ते ओरडले, “खाली उतरा सगळे! खुर्च्या राहू द्या तिथेच!”

गॅलरीला कुलूप लागलं, शर्यत पुढे ढकलली गेली. दुपारी इंजिनियरबाई आल्या. त्या दाराशी हेल्मेट चढवत होत्या, एवढ्यात कडकड आवाज झाला आणि गॅलरीचा अर्धा भाग खुर्च्यांसकट खाली आला. पोहणं शिकवणाऱ्या प्रशिक्षकताईंनी धावत येऊन तिघांना घट्ट जवळ ओढलं.

“आतलं लोखंड पार गंजलंय,” इंजिनियरबाई हळूच म्हणाल्या. “आणि वरून ताजा रंग. कोणाच्या लक्षात आलं हे?”

व्यवस्थापकांनी टिकलीकडे बोट दाखवलं. “हिच्या. मी अठरा वर्षं रोज या गॅलरीखालून जातोय, बाई. आणि आज सकाळी या पोरीला मी हाकलून देत होतो.”

ते उंबऱ्यावरच मटकन बसले आणि तिच्यापुढे हात जोडले. टिकलीने कॅमेरा खिशात ठेवला. ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली.