यकृतातलं सोनं

सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला तरी डॉ. सुमेधा कारखानीसांना ते ठिपके दिसतच राहिले. यकृताच्या पातळ कापात, पेशीपेशींत रुतून बसलेले काळे ठिपके. ते काय आहेत हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते त्यांनीच बनवलेले होते.

"ललिता रेडकर," शेजारी उभे असलेले यकृततज्ज्ञ डॉ. इरफान मुजावर म्हणाले. "कुडाळच्या पोस्टमास्तर. सहा वर्षांपूर्वी स्वादुपिंडाच्या कर्करोगातून तुमच्या सुवर्णकणांनी वाचल्या. आता यकृत निकामी होत चाललंय. पण मॅडम, सोनं तर निरुपद्रवी असतं ना?"

"नुसतं सोनं काहीच करत नाही," सुमेधाताई म्हणाल्या. "त्यावर क्ष-किरण पडले की कणाकणातून इलेक्ट्रॉन उसळतात आणि लगतच्या पेशी मारतात. म्हणून आपण गाठीत कण भरायचो आणि अगदी मंद किरण सोडायचो. आपल्या कणांवरच्या लेपामुळे मारा शेकडो पट वाढायचा, तोही फक्त कण असतील तिथे. किरणवर्धन म्हणतो ते हेच."

"पण किरण थांबून सहा वर्षं झाली. आणि कण सहा महिन्यांत शरीराबाहेर पडतात, असं तुमच्याच अहवालात आहे."

सुमेधाताईंनी चाळीस उंदरांवर प्रयोग केले होते. वर्षानंतरही त्यांतल्या तिघांच्या यकृतात सोनं सापडलं होतं. तेव्हा मान्यता समितीची बैठक चार दिवसांवर होती आणि खालच्या वॉर्डात दुसरा कुठलाच इलाज न उरलेली माणसं वाट पाहत होती. त्या तीन उंदरांच्या नोंदीपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'नमुने दूषित'. दूषित नव्हते, हे लिहितानाही त्यांना ठाऊक होतं.

"इरफान, ते खरं नव्हतं," शेवटी त्या म्हणाल्या आणि तीन उंदरांची गोष्ट त्यांनी सांगून टाकली.

मुजावर कोरड्या आवाजात म्हणाले, "तरीही कोडं सुटत नाही. एकसष्ट जणांना कण दिले. एकोणीस आजारी आहेत. बाकीचे ठणठणीत. असं का?"

दुपारभर दोघांनी नोंदी चाळल्या. वय, आहार, दारू, जुने आजार, कशाचाच मेळ बसेना. मग देवगडच्या यमाजी तारींचं नाव आलं. हे मच्छीमार उपचारांनंतर जे गेले ते पुन्हा फिरकलेच नव्हते. सुमेधाताईंनी फोनवरून त्यांची चांगलीच कानउघाडणी केली होती. "बरो झालंय मां मी, मगे हॉस्पिटलात कित्याक येव?" असं म्हणून ते हसले होते. त्यांनी आता गावातल्या डॉक्टरकडे तपासून घेतलेलं रक्त अगदी स्वच्छ होतं.

सुमेधाताईंनी पुनर्तपासणीच्या भेटींचा रकाना उघडला आणि एकेक नाव ताडून पाहिलं.

आजारी असलेल्या एकोणीस जणांनी एकही भेट चुकवली नव्हती; ठणठणीत असलेल्यांनी बहुतेक भेटी टाळल्या होत्या. कर्करोग परतला नाही ना, हे पाहायला दर तीन महिन्यांनी पोटाचा सीटी स्कॅन व्हायचा.

"सीटी स्कॅन म्हणजे क्ष-किरणच," मुजावर हळूच म्हणाले.

"तेही मंद. ज्यांचा मारा हे कण सर्वांत जास्त वाढवतात, नेमके तसे." सुमेधाताईंनी रकाना मिटला. "ज्यांनी माझं ऐकलं, तेच मेले रे."

"अजून कुणी मेलेलं नाही. पुढचे सगळे स्कॅन आत्ता थांबवतो. समितीला तुम्ही कळवा."

सुमेधाताईंनी समितीला तिथेच बसून पत्र लिहिलं, उंदरांच्या मूळ नोंदी जोडल्या आणि त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

ललिता रेडकर उशीला टेकून बसल्या होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे. "मॅडम, आधी एकच सांगा. तो परत आलाय का?"

"नाही, ललिताताई. कर्करोग नाही."

"मग झालं तर!" त्या खुलल्या. "तपासण्यांचं चीज झालं म्हणायचं."

सुमेधाताई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. उंदीर, अहवाल, स्कॅन, आजारी पडलेले एकोणीस जण. काहीही हातचं राखलं नाही. ललिताताई ओरडतील, निघून जा म्हणतील, अशी त्यांची अपेक्षा होती. खरं तर तसं व्हावं असंच त्यांना वाटत होतं.

ललिताताई ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा मात्र उतरत गेला.

"माझ्यासोबत उपचार घेतलेल्या सांगलीच्या शकुंतलावहिनी तपासणीला येणारच नव्हत्या," त्या पुटपुटल्या. "कंटाळल्या होत्या. मीच मागे लागले. वॉर्डात ओळख झालेल्या सगळ्यांना मी दर तीन महिन्यांनी तपासणीची आठवण करून द्यायला फोन करायचे, मॅडम. कुणी टाळाटाळ केली तर रागवायचे. त्या एकोणीस जणांत वहिनी आहेत?"

सुमेधाताईंना खोटं बोलणं एकदा जमलं होतं. आता जमेना.

"आहेत. पण यात तुमचा काही दोष नाही. सगळा माझा आहे."

ललिताताईंना ते ऐकूच गेलं नाही. त्या बोटांवर एकेक नाव मोजत होत्या.